वायंगणकर फौजदारांची हरकत

संध्याकाळी आमच्याकडे दूरचित्रवाणीवर पोलिसांची मालिका लागते. सून आणि नातू ती पाहतात. मी वर्तमानपत्र वाचतो आणि अधूनमधून मान वर करतो. तेवढ्यात पुरेसे दिसते. परवा इन्स्पेक्टरच्या कपाळावरची पट्टी डाव्या भुवईवर होती. जाहिराती संपल्या तेव्हा ती उजव्या भुवईवर गेली होती. प्रेताशेजारचा पेला हवालदाराने उघड्या हाताने उचलला, हुंगला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनीही हुंगला. खुनी सापडला, त्याने चौकीत गुन्हा कबूल केला आणि मालिकेच्या दृष्टीने खटला संपला. शेवटी हवालदाराने बोडक्या डोक्याने कडक सलाम ठोकला.

मी वर्तमानपत्र खाली न ठेवता उजव्या हाताचे बोट वर केले.

"आजोबा, पुन्हा?" नातू म्हणाला.

"हरकत आहे," मी म्हणालो.

"अहो, मालिका आहे ती. एवढं कोण बघतं?"

पाहणारा एक माणूस होता. ते बोट त्याचे आहे. मी फक्त सांभाळले आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षे. मी फोर्टमधल्या एका विमा कंपनीत कारकून होतो आणि गिरगावातल्या आमच्या वाडीत राहत होतो. गणेशोत्सवात वाडीचे नाटक होई. आवाज बारीक आणि अक्षरओळख चांगली, एवढ्या भांडवलावर मी दर वर्षी प्रॉम्प्टर असे. पहिल्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत वायंगणकर राहत. मालवणहून येऊन शिपाई म्हणून भरती झालेला हा माणूस सब-इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाला होता. शेवटची काही वर्षे त्यांनी नव्या पोलिसांना कवायत आणि कायदा शिकवण्यात घालवली होती. वाडी त्यांना फौजदार म्हणे. समोर साहेब म्हणे. मागे जे म्हणे ते लिहिण्याजोगे नाही.

बुटका, रुंद बांधा. मिशी ओठाच्या रेषेत कापलेली. घरात लेंगा आणि बंडी. बाहेर पडताना गळ्यापर्यंत बटणे लावलेला सदरा आणि काळी टोपी. टोपी दाराशेजारच्या खिळ्यावर असे. नळावर जायचे असले तरी ती डोक्यावर चढे. उघड्या डोक्याने उंबरा ओलांडणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा सुतकात, असे त्यांचे मत होते.

त्यांना एकच शौक होता. नाटकाचा, तोही सगळ्या नाटकांचा नव्हे. संगीत नाटकाला ते गेले नाहीत, पौराणिकाला गेले नाहीत. फलक दिसला की विचारीत, "पोलीस आहे का?" असला तर जात. त्या काळी हौशी नाटकांत पोलिसांना तोटा नव्हता. तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर आल्याशिवाय पडदा पडत नसे. गिरगावातल्या वाड्या, दादरचे ऑफिसवाल्यांचे प्रयोग, परळ-लालबागचे गिरणी कामगारांचे रंगमंच, सगळीकडे वायंगणकर हजर. पहिल्या रांगेत, कोपऱ्याची खुर्ची, गुडघ्यांत छत्री. शेजारी काकी, म्हणजे त्यांची पत्नी. त्या नाटक पाहायला येत नसत. नवऱ्याला खाली बसवायला येत.

कारण चूक दिसली की वायंगणकरांचे बोट वर जाई. मग ते स्वतः वर जात. "हरकत!" आणि लगेच पुढचा शब्द, "मघाशी..."

मघाशी बेडी उजव्या हातात होती. मघाशी टेबलावरचा चहा संपला होता. मघाशी हा हवालदार डाव्या दाराने गेला, तो उजव्या दाराने कसा आला. चौकीला दोन दारे आहेत काय? चुकांचे त्यांनी दोन वर्ग केले होते. एक विसरण्याच्या, त्यांना ते हसत. दुसऱ्या कायद्याच्या, त्यांना हसत नसत.

काकी सदऱ्याचा काठ ओढीत. "बसा खाली. नाटक हा ता, कचेरी न्हय."

"खोटं असलं म्हणून चुकीचं असायला हवं का?" ते विचारीत, आणि बसत.

आमच्या नाटकात इन्स्पेक्टर नेहमी मधू असे. खालच्या मजल्यावर आई आणि तो, दोघेच राहत. आई छापखान्यातल्या कामगारांचे डबे करी. मधू त्याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवी. अंगाने उंच, आवाजाने भारी. खाकी कपडे वाडीत त्याच्याशिवाय कोणाला बसत नसत. त्याच्या खांद्यांवरचे तारे पुठ्ठ्याला चांदीचा कागद लावून केलेले होते. एका प्रयोगात दुसऱ्या अंकात त्यातला एक तारा गळाला आणि रंगमंचावर चहाच्या कपाशेजारी पडून राहिला. मधू तिसऱ्या अंकात तसाच आला.

बोट वर. "हरकत! मघाशी इन्स्पेक्टर होता. चहा पिऊन सब-इन्स्पेक्टर कसा झाला?"

प्रेक्षक हसले. मधूने खांद्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "चहा सरकारी होता, साहेब."

त्यावर सगळ्यांत मोठ्याने वायंगणकर हसले. प्रयोगानंतर सगळ्या नटांचा फोटो काढायचा ठरला होता. फोटोवाल्याने मधूचा एकट्याचाही एक काढला, टोपी घालून, छाती काढून. एका खांद्यावर तीन तारे, दुसऱ्यावर दोन. आईने तो चौकटीत घालून भिंतीवर लावला. पुन्हा काढू, असे मधू म्हणत राहिला. ते राहून गेले.

दुसऱ्या एका नाटकात प्रकरण अधिक गंभीर झाले. शेवटच्या प्रवेशात खलनायक मधूच्या पाया पडून खुनाची कबुली देतो आणि पडदा पडतो, अशी योजना होती. खलनायक रडू लागला. बायका डोळे पुसू लागल्या. वायंगणकर उठले.

"हरकत! पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. सुटेल हा."

विंगेत नाटकाचे दिग्दर्शक दत्तोपंत मास्तर उभे होते. शाळेत मराठी शिकवीत, नाटके स्वतः लिहीत आणि स्वतःच्या वाक्यांवर प्रेम करीत. ते दात खाऊन मला म्हणाले, "पडदा पाडा." पण पडदा ओढणाराही हसत होता. मधू पुढे झाला. मग खलनायकाची मानगूट धरून म्हणाला, "चल, मॅजिस्ट्रेटसमोर हेच बोल. एक अक्षर गाळलंस तर बघ." आणि त्याला घेऊन निघून गेला. टाळ्या पडल्या. दत्तोपंतांनी पुढे छापील प्रतीत ते वाक्य स्वतःचे म्हणून घातले.

वायंगणकर चुकत नसत असे नाही. एकदा ट्रामने आम्ही लालबागला कामगारांचे नाटक पाहायला गेलो. हवालदाराचे काम करणारा कोकणी गडी दुसऱ्या अंकात लंगडत आला.

"हरकत! मघाशी लंगडत नव्हता."

गडी रंगमंचाच्या काठापर्यंत आला आणि पाय वर करून म्हणाला, "मगाशी पायात खिळो नाय होतो, सायबानू! आता गेलो हा!"

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मध्यंतरात वायंगणकर आत गेले, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि खिळा स्वतः काढला. बाहेर येऊन पहिल्या रांगेसमोर उभे राहिले. "मघाची हरकत मागे घेतो," असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, आणि बसले. परतताना मी म्हटले की हे सांगायची गरज नव्हती.

"चारचौघांत घेतली, चारचौघांत मागे घेतली. त्यात काय?"

त्या दिवशी मला ते शिस्तीचे वाटले. तो त्यांचा स्वभाव होता हे नंतर कळले.

मधूला त्यांनी शिष्य केले. शिष्य होण्याची मधूची इच्छा होती की नाही ते कोणी विचारले नाही. छापखान्यातून आला की त्याला गॅलरीत उभे करीत. पट्टा असा, दंडुका असा, जिना चढताना टोपी अशी. सलामावर त्यांचा विशेष जोर होता.

"सलाम हाताचा नसतो, टोपीचा असतो. डोकं बोडकं असेल तर नुसतं सावधान. आणि साध्या कपड्यांत मुळीच नाही. साध्या कपड्यांतल्या माणसानं हात जोडावेत."

"आणि मन भरून आलं तर?" मधूने विचारले.

"रजा टाकावी."

मधूची आई खालून हे ऐकत असे. एकदा पदराला हात पुसत वर आली. "साहेब, माझ्या पोराला खरा पोलीस नका हो करू. खोटाच बरा आहे."

"खोटाच करतोय, बाई. पण बिनचूक."

मग चळवळ पेटली. वाडीत प्रभातफेऱ्या निघू लागल्या, चुन्याने भिंतींवर मुंबई लिहिली जाऊ लागली, पोरांच्या घोषणांनी गॅलऱ्या दणाणू लागल्या. पोलिसाची पिवळी टोपी नाक्यावर दिसली की लोक दारे लावून घेत. वायंगणकरांच्या खोलीकडे लोक आता निराळ्या नजरेने पाहत. ते स्वतः संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचे होते. मालवणच्या माणसाला मुंबई कोणाची हे शिकवावे लागत नाही. पण पोलिसांना कोणी शिवी दिली की ते गॅलरीत येत.

"गोळी सर्वांत शेवटी सुटते. आधी जमावाला पांगा म्हणून सांगावं लागतं. शिटी, भोंगा, इशारा. मग लाठी. मग पुन्हा इशारा. मग गोळी, तीही कमरेखाली. मी शिकवलंय हे. हजारो पोरांना शिकवलंय."

लोक ऐकून घेत. त्यांचे वय होते, आणि मधू त्यांच्याजवळ उभा असे.

त्या दिवसांत मुंबईत गोळ्या सुटल्या हे सर्वांना माहीत आहे. त्यांतली एक आमच्या नाक्यापलीकडे मधूला लागली. तो छापखान्यातून घरी येत होता की जमावात होता, यावर पुढे बरीच चर्चा झाली. त्याने फरक पडत नाही. गोळी छातीत लागली होती. सायंकाळी त्याला वाडीत आणले.

तिसऱ्या दिवशी वायंगणकर आणि काकी खाली भेटायला गेले. खोलीत माणसे होती. मीही होतो. कोणी तरी म्हणाले, "साहेब, काही सांगितलं नाही, सवरलं नाही. सरळ गोळ्या घातल्या."

वायंगणकर मान खाली घालून बसले होते. ती वर न करता म्हणाले, "इशारा दिला असणार. त्याशिवाय गोळी सुटत नाही."

ते सवयीचे वाक्य होते. निदान मला तसे वाटले. पण वाक्य बोलले गेले की ते सवयीचे होते की नाही, हे पाहत कोणी बसत नाही.

मधूची आई भिंतीला टेकली होती. रडत नव्हती. म्हणाली, "तुम्ही होता तिथं?"

"नव्हतो."

"मग मेलेल्या पोरावर कसली हरकत घेता, साहेब?"

काकींनी त्यांच्या सदऱ्याचा काठ ओढला. ते उठले. त्या दिवसापासून वाडी त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

हे वाडीतच जमते. कोणी भांडले नाही. काकी नळावर आल्या की बायकांचे बोलणे थांबे. वायंगणकर जिन्यात भेटले की माणसे भिंतीकडे सरकून त्यांना वाट देत. इतकी वाट कोणी कोणाला देत नाही. त्यांच्या दारावर कोणी खडूने 'सरकारी' असे लिहिले. त्यांनी ते पुसले नाही. काकींनी पुसले.

दोन आठवड्यांनी, रविवारी, त्यांनी मला बोलावले. ते मला नावाने हाक मारीत नसत.

"प्रॉम्प्टर, माझ्याबरोबर चल. पंच हवा."

"कसला पंच?"

"घटनास्थळ पाहायचंय. दोन पंच लागतात. दुसरा मिळणार नाही, तुझ्यावर भागवतो."

आम्ही नाक्यापलीकडे गेलो. मधू पडला ती जागा पानवाल्याने दाखवली. वायंगणकर तिथे उभे राहिले. पोलीस कुठे उभे होते ते विचारून तिथे जाऊन उभे राहिले. मग एकेका दुकानात गेले. कोपऱ्यावरचा इराणी, समोरचा इस्त्रीवाला, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत दिवसभर बसणारी एक म्हातारी. प्रत्येकाला एकच प्रश्न, तोही आपले मत न कळेल अशा सपाट आवाजात.

"शिटी ऐकलीत? भोंगा? पांगा म्हणून कोणी ओरडलं?"

कोणी ऐकले नव्हते. फक्त पानवाला म्हणाला, "साहेब, घोषणा चालल्या होत्या. दिला असेल इशारा, गोंगाटात आला नसेल ऐकू."

मला वाटले, त्यांना हवे ते मिळाले. आता घरी जाता येईल. वायंगणकरांनी पानवाल्याकडे पाहिले. "ऐकू जातो त्याला इशारा म्हणतात," ते म्हणाले. "हेही मीच शिकवलंय."

परतताना ते वाडीच्या तोंडाशी थांबले. आत जावेसे वाटत नसावे.

"मधूच्या आईला सांगणार का?" मी विचारले.

"एकटीला? कानात?" त्यांनी मान हलवली. "मी भरल्या खोलीत बोललो. मागे घ्यायचं तर तसंच घ्यायला हवं. तिच्यासमोर, सगळ्यांसमोर."

"मग घ्या."

"ते मला अजून जमत नाही."

लालबागच्या गड्यापुढे त्यांना ते सहज जमले होते. पण तिथे मागे घ्यायचा होता तो एक लंगडा पाय. इथे सारा जन्म मागे घ्यायचा होता, आणि शिकवलेली ती हजारो पोरे.

वर्ष गेले. मधूच्या आईने डबे पुन्हा सुरू केले. वायंगणकर नाटकाला जाईनासे झाले. संध्याकाळी गॅलरीत उभे राहत, टोपी घालून, जिथे मधूला उभे करीत तिथे.

पुढच्या गणेशोत्सवासाठी दत्तोपंतांनी नवे नाटक लिहिले. सरकारी परवानगीसाठी त्यात काळ इंग्रजांचा दाखवला होता आणि गावाला नाव नव्हते. गाव कोणते ते वाडीतल्या पोरासोरांनाही कळत होते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी गोळीबार होता. इन्स्पेक्टर येतो, हात वर करतो, गोळ्या सुटतात. इशारा नाही. दत्तोपंतांनी तो विचार करून गाळला होता. इन्स्पेक्टर व्हायला कोणी तयार होईना. शेवटी एकाच्या अंगात मधूचेच खाकी कपडे बळेच घातले. ते त्याला सैल होत होते.

प्रयोगाच्या दिवशी पडद्याच्या फटीतून दत्तोपंतांनी बाहेर पाहिले आणि माझा दंड धरला.

"फौजदार आलेत."

पहिली रांग, कोपऱ्याची खुर्ची, गुडघ्यांत छत्री. शेजारी काकी. त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला मधूची आई होती. ती वर्षभरात पहिल्यांदाच वाडीच्या कार्यक्रमाला आली होती.

"तो प्रवेश सुरू झाला की हे उठणार," दत्तोपंत म्हणाले. "इशारा कुठे आहे म्हणणार. आणि आज पोरं त्यांना सोडणार नाहीत."

आखाड्यातली चार दांडगी पोरे त्यांनी वायंगणकरांच्या मागच्या रांगेत बसवली. ती त्यांना वाचवायला होती की धरायला, हे पोरांनाही नीट ठाऊक नसावे.

दुसरा अंक संपत आला. मी विंगेत संहिता धरून उभा होतो, पण पाहत होतो कोपऱ्याच्या खुर्चीकडे. इन्स्पेक्टर आला. हात वर केला. आत दोघांनी फळ्या आपटल्या. जमाव कोसळला. ज्याला उशिरा पडायचे होते तो आधी पडला. ते कोणाच्या लक्षात आले नाही.

वायंगणकरांचे बोट वर गेले.

मागून आवाज आला, "बसा खाली!" एकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते तो हात घेऊनच उभे राहिले. दत्तोपंत विंगेतून पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, आज नको. पाया पडतो."

"मास्तर, मला बोलायचंय."

"ए म्हाताऱ्या!" कोणी तरी ओरडले. खुर्च्या सरकल्या. काकींनी या वेळी सदरा ओढला नाही. त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर पाहत होत्या.

वायंगणकर प्रेक्षकांकडे वळले नाहीत, रंगमंचाकडेही नाही. रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे वळले. कवायतीच्या मैदानावरचा आवाज होता तो. शेवटच्या गॅलरीपर्यंत गेला.

"असं होत नाही, असं मी बोललो होतो. इशारा दिला असणार, म्हणालो होतो. मी नाक्यावर जाऊन चौकशी केली. इशारा दिला नव्हता. नाटकात चूक नाही. चूक माझी आहे. मधूची आई, मी हरकत मागे घेतो."

खांद्यावरचा हात निघाला. ते तसेच उभे राहिले. बसायला परवानगी लागते अशी त्यांची समजूत झाली असावी. रंगमंचावर मेलेली माणसे माना वळवून पाहत होती.

मधूच्या आईने त्यांच्याकडे पाहिले नाही. मग रंगमंचाकडे पाहून म्हणाली, "पुढं चालू करा रे."

वायंगणकर बसले.

त्या बोलण्याची खबर वाडीबाहेर गेली. पुढच्या महिन्यात दोघे जण त्यांना भेटून गेले. कपडे साधे होते, पण दोघांचेही पाय पोलिसांसारखे पडत होते. काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही. मात्र दिवाळीला फराळ घेऊन येणारे त्यांचे जुने सहकारी त्या वर्षी आले नाहीत, नंतरही आले नाहीत. वाडीने वाळीत टाकलेला माणूस वाडीत परत आला आणि दुसरीकडून वाळीत पडला.

वाडी त्यांच्याशी बोलू लागली. जिन्यात लोक पूर्वीसारखे धक्का देऊन जाऊ लागले. मधूची आई वर कधी आली नाही. पण काकी नळावर आल्या की ती आपला हंडा बाजूला घेऊन त्यांचा आधी लावी.

नाटकांना ते पुन्हा जाऊ लागले. बोट मात्र वर गेले नाही. एकदा परळला इन्स्पेक्टरच्या मिशीचा अर्धा भाग गळून कैद्याच्या खांद्यावर पडला. सारे लोक वायंगणकरांकडे वळून पाहू लागले. ते बोलल्याशिवाय लोकांना हसता येत नव्हते. ते छत्रीच्या मुठीवर हनुवटी ठेवून बसून राहिले. मला तो प्रयोग फिका वाटला.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी सकाळी वाडीतून मिरवणूक निघाली. तोरणे होती, गुलाल होता, लेझीम होती. मधूच्या आईने पुढे चालावे असे मंडळाने ठरवले होते. ती फोटो घेऊन खाली उभी राहिली. चौकटीत इन्स्पेक्टर होता, टोपी घालून, छाती काढून.

मंडळाची पोरे अडखळली. एक जण म्हणाला, "मावशी, पोलिसाच्या कपड्यातला नको ना हो. लोक काय म्हणतील?"

"माझ्याकडे हाच आहे," ती म्हणाली. "कपडे नाटकातले आहेत. पोरगा माझा आहे. चला."

मिरवणूक निघाली. मी तिच्या मागेच होतो. जिन्यालगतच्या खोलीसमोर आलो तेव्हा वर पाहिले. लेझमीचा आवाज ऐकून वायंगणकर गॅलरीत आले होते. दाढी करताना उठून आले असावेत. अंगात बंडी, एका गालावर साबण. टोपी आत खिळ्यावर होती.

खालून फोटो चालला होता. एका खांद्यावर तीन तारे, दुसऱ्यावर दोन. त्यांना ते दिसले असणारच.

त्यांनी टाचा जुळवल्या. मग उजवा हात उचलला आणि बोडक्या कपाळाशी नेला.

मधूच्या आईने मान वर केली. चालता चालता तिने चौकट थोडी वळवली, गॅलरीच्या बाजूला.

काकी दारात आल्या. "अवो, टोपी रवली तुमची."

हात खाली न आणता ते म्हणाले, "म्हायत आसा."